गुळगुळीत गोटा म्हणजे निसणा नव्हे

धार लावण्याच्या दगडांबद्दलचा एक मजकूर गेले काही महिने हातोहात फिरतोय. मला तो चौघांनी वेगवेगळा पाठवला आणि चौघांनीही खाली एकच प्रश्न विचारला: "यात तथ्य आहे का?" मजकूर लांबलचक आहे, पण म्हणणं थोडक्यात असं. पूर्वीचे लोक नदीतला कुठलाही गुळगुळीत गोटा उचलत आणि त्यावर सुरीपासून वस्तऱ्यापर्यंत सगळ्याला धार लावत. नैसर्गिक दगड कारखान्यातल्या दगडापेक्षा नेहमीच बारीक असतो, त्याची ग्रिट, म्हणजे बारीकपणाचा आकडा, बारा हजारांच्या वर असते. कारखान्यातल्या दगडाने पोलादाचं पाणी उतरतं. नैसर्गिक दगड कुठल्याही पोलादाला चालतो, कधी झिजत नाही, त्यावर फक्त तेल घालायचं. आणि दगड निसर्गाचा, तेव्हा उचलताना कुणाला विचारायचं कारण नाही.

मी बरीच वर्षं असे दगड गोळा करतो, कापतो, घासून सपाट करतो आणि वापरतो. माझा रोजचा वस्तरा नैसर्गिक दगडावरच शेवटचा हात घेतो. तरीही, किंबहुना त्यामुळेच, हा मजकूर मला मुकाट्याने पुढे पाठवता येत नाही. यावर विश्वास ठेवून कुणी वाटेतला गोटा उचलेल, त्यावर आजोबांचा वस्तरा घासेल, धारेची वाट लावेल आणि मग म्हणेल की नैसर्गिक दगडात काही राम नाही. त्यात वस्तऱ्यावरही अन्याय आणि दगडावरही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"नदीतला कुठलाही गुळगुळीत गोटा चालतो"

सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

गोटा गुळगुळीत होतो तो पाण्यात गडगडून, इतर गोट्यांवर आपटून आणि वाळूने घासला जाऊन. तो गुळगुळीतपणा बाहेरच्या सालीचा. आत दगड कसा आहे हे त्यावरून कळत नाही. ग्रॅनाइटचा गोटाही हाताला लोण्यासारखा लागतो, पण फोडून पाहिला तर आत गारेचे, फेल्डस्पारचे आणि अभ्रकाचे नुसत्या डोळ्यांना दिसणारे मोठमोठे कण एकमेकांत घुसलेले असतात. त्यावर पातं घासलं तर एका कणावर ते सरकतं आणि पुढच्यावर अडखळतं.

पातं कापणाऱ्या दगडात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, त्यातला रवा पोलादापेक्षा कठीण हवा. खनिजांचा कठीणपणा एक ते दहा आकड्यांत सांगणाऱ्या मोहस मापात पाणी दिलेलं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केलेलं, पोलाद साधारण साडेसहाच्या आसपास येतं. गार, म्हणजे क्वार्ट्झ, सातवर. गार्नेट साडेसहा ते साडेसात. फेल्डस्पार सहा, आणि चुनखडीतलं कॅल्साइट फक्त तीन. चुनखडीचा दगड कितीही बारीक असो, तो पोलाद कापणार नाही, फार तर चकाकी आणेल. बेसॉल्टचंही तेच. दिसायला काळा, घट्ट, बारीक, पण तो मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सीनचा बनलेला. पाणी दिलेल्या पोलादावर ते कण तोकडे पडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे रवा एकसारखा हवा. नव्वद टक्के रवा मैद्यासारखा आणि दहा टक्के वाळूसारखा असेल, तर धार ठरते त्या दहा टक्क्यांवर. तिसरी गोष्ट रवा धरून ठेवणाऱ्या मसाल्याची. तो इतका सैल नको की दगड हातात विरघळेल, आणि इतका घट्टही नको की वरचे कण बोथट झाले तरी जागा सोडणार नाहीत. या तीन गोष्टी एका जागी जुळून येणं फार दुर्मीळ, आणि म्हणूनच चांगल्या दगडाच्या खाणी जगात मोजक्याच जागी नावारूपाला आल्या.

"पूर्वीचे लोक कुठलाही गोटा उचलत" हे तर इतिहासालाच धरून नाही. नॉर्वेतल्या आयड्सबोर्गचा दगड व्हायकिंगांच्या काळात समुद्रामार्गे उत्तर युरोपात दूरदूर जात होता. हाताशी नद्या होत्या, नद्यांत गोटे होते, तरी लोक परमुलखातला दगड आणवत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने धारेच्या दगडांची नोंद केली, तीही ठिकाणांच्या नावांनिशी: क्रीटचे दगड तेलावर चालतात, नॅक्सॉसचे पाण्यावर, सिलिशियाचे दोन्हींवर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही कुठला दगड कुठला आणि तो कशावर चालतो हे विचारावं लागत होतं.

मग नदीत काही सापडतच नाही का? सापडतं, मला सापडलंय. पण शोधायची रीत वेगळी आहे. मी गोल गोट्यांकडे बघतच नाही. चपट्या, थर दिसणाऱ्या, दोन बाजू जवळपास समांतर असलेल्या तुकड्यांकडे बघतो: पाटीचा दगड, गारेचं प्रमाण जास्त असलेला पंकाश्म (चिखल घट्ट होऊन बनलेला दगड), चर्ट (गारेच्या अतिसूक्ष्म कणांचा घट्ट दगड), बारीक वालुकाश्म. आधी दगड भिजवतो. ओल्या दगडावर शिरा, ठिपके, भेगा लगेच उठून दिसतात, कोरड्यावर धुळीत लपतात. मग तो एका हातात सैल धरून दुसऱ्या छोट्या दगडाने हलकेच वाजवतो. अखंड दगड खणखणतो, आत भेग असेल तर बद्द आवाज येतो. त्यानंतर शिवणकामाची जाड सुई घेऊन दगडावर आडव्या-उभ्या रेघा ओढतो. सुई एकसारखी सरकत गेली तर ठीक. एखाद्या जागी टचकन अडली तर तिथे कठीण कण आहे.

भूशास्त्राचे अभ्यासक आणखी एक गोष्ट करतात, तीही मी उचलली आहे. दगडाचा धुतलेला चिमूटभर कीस पुढच्या दातांमध्ये घ्यायचा. गाळाचा कण कचकचतो, निव्वळ चिकणमातीचा दगड मऊ लागतो. बोटाला जे कळत नाही ते दाताला कळतं.

खरा निकाल लागतो तो घरी. दगडाची एक बाजू सपाट केली की ती ओली करून त्यावर जुन्या, मोडक्या कानशीचा कडेचा भाग वीस-पंचवीस वेळा ओढायचा. कानस चांगलं पाणी दिलेल्या पोलादाची असते, म्हणून कानसच. पाण्यात काळपट करडा रंग उतरला तर दगडाने लोहकीस काढला, म्हणजे तो कापतोय. पाणी दगडाच्याच रंगाचं राहिलं तर झिजतोय तो दगड, पोलाद नव्हे. माझ्या घरी आलेल्या दहांतले आठ-नऊ दगड इथेच बाद होतात, आणि ते मी बागेत ठेवतो.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. कुऱ्हाड, कोयता, विळा, खुरपं अशा हत्यारांना एकसारख्या रव्याचा साधा वालुकाश्मही उत्तम. तिथे धार थोडी दातेरी असली तरी चालते, उलट विळ्याला तशीच हवी. मजकूर एवढ्यावर थांबला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो.

"नैसर्गिक दगडाची ग्रिट बारा हजारांच्या वर"

हा आकडा कुठून येतो, कुणास ठाऊक. ग्रिट हे चाळलेल्या, मापात बसवलेल्या भुकटीचं नाव आहे. कारखान्यात भुकटीतले कण मापाप्रमाणे वेगळे करतात, मग दगड घडवतात, म्हणून त्याला आकडा देता येतो. डोंगराने त्याचा रवा चाळलेला नसतो.

बरं, आकडा घेतला तरी कुठला? जपानी मापातल्या 1000 क्रमांकाच्या भुकटीचा कण साधारण 11.5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. युरोपातल्या एफ मापातला 1000 क्रमांकाचा कण 4.5 मायक्रॉनचा, आणि पॉलिश पेपरच्या पी मापातला 1000 क्रमांकाचा 18.3 मायक्रॉनचा. म्हणजे तीन ठिकाणी 1000 लिहिलेलं असतं आणि तीन वेगळे कण निघतात, तेही मोजून बनवलेल्या मालात. तिथे न मोजलेल्या दगडावर बारा हजारांचा शिक्का मारणं म्हणजे विकणाऱ्याची सोय.

याहून महत्त्वाचं असं की नैसर्गिक दगडात कणाचं माप हे सगळं काही नसतं. बेल्जियमच्या आर्डेन भागात, व्हिएलसाल्मच्या आसपास सापडणारा कोटिक्यूल घ्या. पिवळसर, साबणाच्या वडीसारखा दिसणारा हा दगड वस्तऱ्यासाठी शतकानुशतकं नावाजलेला. त्यात अभ्रकाच्या अतिसूक्ष्म पत्र्यांमध्ये गार्नेटचे कण रुतलेले असतात, आणि ते कण बारीक म्हणावेत असेही नाहीत, पाच ते पंधरा-वीस मायक्रॉनचे. आकड्यांच्या हिशेबाने यावर वस्तरा लागूच नये. पण लागतो, आणि गालावर फार सुखद लागतो. कारण गार्नेटचा स्फटिक अनेक पैलूंचा, जवळपास गोलसर असतो. त्याला सुईसारखं टोक नसतं, आणि तो मसाल्यात रुतलेला असल्याने डोकं तेवढं वर काढतो. म्हणून त्याचा ओरखडा उथळ पडतो.

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचा नोव्हाक्युलाइट याच्या अगदी उलट जातीचा. तो जवळजवळ शुद्ध सिलिका, गारेच्या सूक्ष्म स्फटिकांची घट्ट वीण. तिथे "सॉफ्ट", "हार्ड", "ट्रान्सल्यूसंट" अशा ज्या प्रती ठरतात त्या रव्याच्या मापावर नव्हे, तर दगड किती घट्ट आहे यावर. हे घरीही तपासता येतं. दगड कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून टांगून तोला, आणि कोरड्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा. शुद्ध गारेची घनता 2.65. उत्तर त्याच्या जितकं जवळ, तितकी आतली पोकळी कमी आणि दगड तितका सावकाश, तितका हळुवार कापणारा. दगड विकणारा बारा हजार म्हणतो तेव्हा मी त्याला घनता विचारतो.

आणि एकच दगड हाताखाली स्वभाव बदलतो, ते तर कुठल्याच आकड्यात मावत नाही. कोटिक्यूलवर चार थेंब पाणी घाला आणि त्याच जातीचा छोटा तुकडा त्यावर गोल गोल उगाळा. अर्ध्या मिनिटात दुधासारखा पांढरट चिखल येतो. त्या चिखलात सुटे झालेले गार्नेटचे कण गडगडतात आणि पोलाद भराभर कापतात. पातं दहा-बारा वेळा फिरवलं की दूध राखाडी होतं. आता एक थेंब पाणी वाढवा, पुन्हा काही फेऱ्या, पुन्हा एक थेंब. चिखल पातळ होत जातो, कापणं मंदावतं, आणि पात्याखालचा आवाजही बदलतो: आधी वाळूवरून पाय ओढल्यासारखा, मग रेशमावरून नख फिरवल्यासारखा. शेवटी दगड धुऊन नुसत्या पाण्यावर हलक्या हाताच्या फेऱ्या. कारण चिखलातले सुटे कण धारेच्या अगदी टोकावर येऊन आदळत राहतात आणि ते टोक सूक्ष्म बोथट ठेवतात. चिखल गेला की ते थांबतं. एवढ्या वेळात हा दगड भरड कुठे होता आणि बारीक कुठे झाला, कोण सांगेल?

जपानच्या क्योतोजवळच्या डोंगरांतले दगडही असेच. खोल समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षांपूर्वी साचलेल्या गाळातून ते बनले. तलवारी उजळवणारे तिकडचे कारागीर शेवटच्या टप्प्यात उचिगुमोरी नावाचा मऊ नैसर्गिक दगड वापरतात, त्याने पोलादाची वीण आणि कठीण-मऊ भागांतली सीमा धुक्यासारखी उठून दिसते. एकसारख्या रव्याचा कृत्रिम दगड सगळीकडे सारखीच चमक आणतो, ते धुकं त्याला जमत नाही. तेव्हा नैसर्गिक दगडाचा मान आहे, खराच आहे. पण त्यांतले अनेक कारागीर आधीच्या भरड टप्प्यांना आज कृत्रिम दगड खुशाल वापरतात. या कामात अवघं आयुष्य घातलेल्या माणसांना दोन्ही चालतात, तर मजकूर लिहिणाऱ्याला का खुपावं?

"कारखान्यातल्या दगडाने पोलादाचं पाणी उतरतं"

नाही. पाणी उतरतं उष्णतेने. कार्बन पोलादाची पाती साधारण दीडशे ते दोनशे अंश सेल्सियसला शेकून घडवलेली असतात. त्यापलीकडे बराच वेळ तापली तर ती मऊ पडतात, आणि तीनशेच्या आसपास अंगावर निळी झाक येते. विजेच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडत असताना हे सेकंदात घडतं. पाणी घातलेल्या दगडावर हाताने फिरवलेलं पातं बोटाला कोमटसुद्धा लागत नाही, मग तो दगड डोंगरातला असो की भट्टीतला. चाक आणि दगड यांची इथे गल्लत झाली आहे.

"कुठल्याही पोलादाला चालतो"

साध्या कार्बन पोलादाला चालतो, आणि झकास चालतो. साध्या स्टेनलेसलाही बऱ्यापैकी. पण हल्ली सुऱ्यांसाठी जी भारी पोलादं येतात त्यांत व्हॅनेडियम नावाचा धातू घातलेला असतो. त्याचे कार्बाइड कण, म्हणजे कार्बनशी जुळून बनलेले कण, गारेपेक्षा आणि गार्नेटपेक्षा कितीतरी कठीण, थेट दुप्पट म्हणायला हरकत नाही. नैसर्गिक दगड त्या कणांभोवतीचं मऊ पोलाद खातो आणि कण तसेच उभे राहतात किंवा उखडून पडतात. तासभर घासा, दगड चकाकतो, पातं हसत नाही. तिथे सिलिकॉन कार्बाइड (कारखान्यात बनणारा अतिकठीण रवा) किंवा हिरा लागतो. अमेरिकी संशोधक एडवर्ड अचेसन यांना 1891 साली सिलिकॉन कार्बाइड हाती लागलं, आणि तेव्हापासून भरड कामाचं ओझं नैसर्गिक दगडांच्या पाठीवरून उतरत गेलं. मी तर याला दगडांची सुटका म्हणेन. ज्या दुर्मीळ दगडाने शेवटच्या पन्नास फेऱ्या मारायच्या, त्याच्यावर खाच पडलेली सुरी घासून त्याला वाडग्यासारखा खोल करणं बघवत नाही.

"सुरी आणि वस्तरा, दोन्हीला एकच गोटा"

इथे माझ्याच हातून घडलेलं सांगतो.

मला एका ओढ्याच्या काठी काळसर, पाटीच्या जातीचा दगड मिळाला. वाजवल्यावर खणखणला, कानशीचा कीस भरपूर काढला, दातातही मऊ लागला. सुई फिरवली होती, पण घाईत, मोठ्या अंतरा-अंतराने रेघा ओढून. त्यावर स्वयंपाकघरातली सुरी लावली. इतकी सुरेख धार आली की कागद नुसता धारेवर ठेवला तरी फाकत होता. महिनाभर मी त्याच्यावर खूश. मग एका सकाळी वस्तरा घेतला.

दहाव्या-बाराव्या फेरीला बोटांना अगदी हलकं टिक् असं जाणवलं. आवाज असा नाहीच, स्पर्शच. मी थांबायला हवं होतं. आणखी पाच-सहा फेऱ्या मारल्या, मग भिंगाखाली धरलं. धारेत तीन दाते पडलेले, तिन्ही टाचेच्या, म्हणजे मुठीकडच्या, बाजूला, जवळजवळ. दगडावर पुन्हा सुई फिरवली, या वेळी रेघेला रेघ लागून, आणि कडेपासून दोन बोटांवर ती अडली. राईच्या दाण्याच्या पाव हिश्श्याएवढा असेल, पांढरा गारेचा कण. सुरीवर त्याने महिनाभर काहीच केलं नव्हतं.

फरक पात्याच्या बांधणीत आहे. सुरीच्या धारेचा दोन्ही बाजूंचा मिळून कोन तीस-चाळीस अंशांच्या आसपास असतो, तिच्या मागे पोलादाची भरभक्कम पाठ असते. वस्तऱ्याचा एकूण कोन सोळा-सतरा अंशांच्या घरात, आणि चांगल्या लावलेल्या धारेची कड मायक्रॉनच्या निम्म्याहूनही पातळ. माणसाचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉनचा. इतक्या पातळ कडेच्या वाटेत एक वाळूचा कण म्हणजे रुळावर ठेवलेला धोंडा. त्यात वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकलेली असतात, त्यामुळे कोन हाताने सांभाळून घेण्याची सोयच नाही, दगड जे करेल ते मुकाट्याने सोसायचं.

ते तीन दाते काढायला मला 1000 क्रमांकाच्या कृत्रिम दगडावर परत जाऊन पाऊण तास लागला, आणि वस्तऱ्याचं पोलाद गेलं ते गेलंच.

म्हणून माझी पद्धत सरळ आहे. वस्तऱ्याची मूळ बैठक, म्हणजे दोन्ही उतार एका रेषेत आणून मिळवणं, मी कृत्रिम 1000 वर करतो. तिथे मला वेग आणि भरवसा हवा असतो. उतारांवर काळ्या मार्करने रेघ मारतो आणि दोन-तीन फेऱ्यांनी ती टोकापासून टाचेपर्यंत पूर्ण पुसली जाते का बघतो. धारेपाशी काळं उरलं तर दगड अजून तिथवर पोहोचलाच नाही, आणि मग पुढे कितीही बारीक दगड घ्या, उपयोग शून्य. मधला टप्पा झाला की नैसर्गिक दगड येतो, नुसत्या पाण्यावर, पात्याच्या वजनाइतक्याच दाबाने. नंतर चामड्याचा पट्टा. अनोळखी दगड वस्तऱ्याला लावण्याआधी तो किमान डझनभर वेळा सुरीवर वापरलेला आणि रेघ-रेघ तपासलेला असावा, हे मी त्या सकाळनंतर कधी मोडलं नाही.

सुरीला मात्र एवढं सोवळं-ओवळं नको. एका बाजूने घासत राहायचं, जोवर पलीकडच्या बाजूला बोटाला धातूची उलटलेली बारीक किनार, म्हणजे बर, लागत नाही तोवर. मग दुसरी बाजू. मग दाब कमी करत करत आलटून पालटून. बऱ्याच जणांची सुरी दोन दिवसांत बोथट होते, कारण ती बर पूर्ण निघालेलीच नसते. तो दोष दगडाचा नसतो.

"झिजत नाही, आणि त्यावर फक्त तेल"

कापणारा दगड झिजतोच. काही पटकन, काही वर्षानुवर्षं लावून. आर्कान्साचा घट्ट दगड इतका कमी झिजतो की लोकांना तो अमर वाटतो, पण त्याचा वरचा रवा हळूहळू गुळगुळीत होतो आणि कापणं थांबतं. म्हणजे त्यालाही वरचेवर घासून जागं करावं लागतं. दगड सपाट आहे का हे बघायला त्यावर शिसपेन्सिलीने जाळी काढायची आणि काचेवर चिकटवलेल्या पाणकागदावर घासायचं. जिथे रेघा उरतात तिथे खड्डा.

तेलाचं म्हणाल तर तेल काय नि पाणी काय, काम एकच: सुटलेला कीस उचलून धरणं, म्हणजे तो रव्यात अडकून बसत नाही. आर्कान्साला पातळ खनिज तेल सोयीचं, साबणाचं पाणीही चालतं. कोटिक्यूल आणि जपानी दगड पाण्याचे. खायचं तेल मात्र कुठल्याच दगडावर नको, ते चिकट होऊन वाळतं आणि रवा बुजवतं. नव्या, अनोळखी दगडावर पहिल्यांदा पाणीच वापरा. पाण्याकडून तेलाकडे कधीही जाता येतं, तेल मुरलेला सच्छिद्र दगड पुन्हा पाण्यावर आणणं महाकठीण. आणि थरांचे दगड भिजत ठेवू नका. पाणी थरांत शिरतं आणि एक दिवस पापुद्रा सुटतो. जपानी दगडांच्या कडांना लाखेचा किंवा रोगणाचा हात देतात तो याचसाठी.

"दगड निसर्गाचा, कुणाला विचारायचं कारण नाही"

कारण आहे. जमीन कुणाची तरी असते, आणि संरक्षित असेल तर सगळ्यांची असते. याच विषयातलं उदाहरण घ्या. आर्कान्साच्या हॉट स्प्रिंग्ज राष्ट्रीय उद्यानात नोव्हाक्युलाइटच्या प्राचीन खाणी आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधी बाणांच्या अण्या आणि हत्यारं घडवण्यासाठी त्या खोदल्या. धारेच्या दगडाचं वेड असलेल्या माणसासाठी ती पंढरीच, पण तिथला एक तुकडाही उचलायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. त्या ढिगांतला कोणता तुकडा नुसता दगड आणि कोणता कुणाच्या हाताने घडवलेला, हे जाणकारालाच कळतं.

जिथे परवानगी आहे तिथेही मी सुटा पडलेला दगड घेतो. कड्याला छिन्नी-हातोडा लावत नाही. कड्यातून फोडलेल्या तुकड्यात फोडण्याच्या हादऱ्याने भेगा पडतात, उलट ओढ्याने शेकडो वर्षं आपटूनही जो टिकला त्याची परीक्षा आधीच झालेली असते. ओलसर दगडाखाली जीव असतात, म्हणून उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवतो. आणि एका फेरीत दोनच आणतो, जास्त आणले की तपासणी घाईची होते, ती कशी भोवते ते वर सांगितलंच.

मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही अशी एक गोष्ट राहते, आणि ती जिवाशी निगडित आहे. या दगडांत कमी-अधिक सिलिका असते. कोरडा कापताना किंवा घासताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. तिने होणाऱ्या सिलिकोसिसवर बरा करणारा उपाय नाही. दगड कापायचा तो पाण्याच्या धारेखालीच, घासायचा तो ओलाच, आणि तोंडावर साधा फडका नव्हे, बारीक धूळ अडवणारा मास्क हवा. खाली सांडलेला चिखल वाळण्याआधी ओल्या फडक्याने पुसायचा, कारण वाळला की तो पुन्हा धूळच.

तो काळसर दगड अजून माझ्याकडे आहे. कण असलेला कडेचा भाग कापून टाकला आणि उरलेला तळहाताएवढा तुकडा सुरीसाठी रोज वापरात असतो. त्याच्या पाठीवर ऑइल पेंटने सापडल्याची तारीख, ओढ्याचं नाव, घनता 2.58 आणि खाली दोन ओळी लिहिल्या आहेत: सुरी, पाण्यावर. वस्तरा नाही.